बॅग धड असेल तर येऊ नका

बॅगवाल्या काकांना ईमेल पाठवायला शिकवलं ते त्यांच्या लेकीनेच, त्यामुळे पुढे जे झालं त्यात थोडा दोष तिच्याकडेही जातो. पण थोडाच. बाकीचा सगळा काकांचा.

काकांचं दुकान प्रवासी बॅगा दुरुस्त करायचं. चाक निखळलेल्या, चेन अडकलेल्या, हँडल उपटलेल्या बॅगा लोक आणून टाकतात आणि काका-काकू मिळून त्यांना पुन्हा प्रवासाला लावतात. पुढे काउंटर, मागे शिलाईची दोन मशीनं, आणि भिंतीवर छतापर्यंत फळ्या. फळ्यांवर नंबराची चिठ्ठी बांधलेल्या बॅगा ओळीने बसलेल्या. चाकं, कड्या, हँडलं हे काकांचं खातं. शिवणकाम काकूंचं. काकूंचा टाका पक्का आणि जीभ त्याहून पक्की.

लेक दूरच्या शहरात नोकरीला लागली. पुलांची तपासणी करणारी कंपनी होती. पुलाच्या पोटाखाली दोर लावून उतरायचं आणि कुठे भेग पडली आहे का ते बघायचं, असलं काम. त्याचं नाव काढलं की काका विषय बदलायचे, पण पोरीला शाळेत असल्यापासून हेच करायचं होतं. जाण्याआधी तिने दुकानाच्या कॉम्प्युटरवर सगळी सोय लावून दिली. पावती करताना गिऱ्हाईक आपला ईमेल पत्ता देतं, तो यादीत जातो, आणि महिन्यातून एकदा सगळ्यांना एक मेल पाठवायचा.

"त्यात काहीतरी उपयोगाचं लिहा, बाबा," ती म्हणाली होती. "चेनला मेण कसं लावायचं, चाकं कशी पुसायची. लोकांच्या कामाचं असलं तर लोक वाचतात."

मेल नीट जातोय की नाही हे कळावं म्हणून तिने स्वतःचा पत्ता यादीत सगळ्यात वर घातला आणि ती गेली.

पहिला मेल चेनच्या मेणावर होता. दुसरा चाकांवर. तिसऱ्यापासून काकांची गाडी घसरली. त्या मेलचा मथळा होता, "आम्हाला विसरलात का?" त्याच्या पुढचा, "एवढे का रागावलात?" मग महिन्याचा मेल आठवड्यावर आला आणि मजकुराला तर काही धरबंधच उरला नाही. "दार वाजलं की वाटतं तुम्हीच आलात," असं काका लिहीत. "पूर्वी तुमचा आवाज असायचा, आता दुकान सुनं वाटतं. आम्ही इथे बसल्या बसल्या तुमची वाट बघतो. एकदा तरी तोंड दाखवून जा."

आता हे वाचणारा कोण, तर कधीकाळी एकदा चाक बसवून नेलेला कुणी विमा एजंट. त्याचा दुकानात कसला आवाज असणार? तो "पावती द्या" एवढंच म्हणाला होता.

काकूंनी असा एक मेल वाचला तेव्हा चष्मा कपाळावर चढवला.

"अहो, ही जाहिरात आहे की श्रद्धांजली?"

"त्यात आपुलकी आहे," काका म्हणाले.

"आपुलकी कसली, गळ्यात पडणं आहे हे. माणूस बॅग नीट करायला येतो आपल्याकडे. सोयरीक जुळवायला नाही येत."

काका ऐकणारे नव्हते. मेलच्या तळाशी 'यापुढे मेल नको' असं एक बटण असतं. ते कुणी दाबलं की काकांच्या जिवाला लागायचं. एका दाताच्या डॉक्टरने दाबलं, तर काकांनी त्याला वेगळा मेल लिहिला, "आमचं काही चुकलं का?" उत्तर आलं नाही. मग लिहिलं, "चुकलं असेल तर मोकळेपणाने सांगा, मनात ठेवू नका." त्यावर डॉक्टरने कळवलं की काहीही चुकलेलं नाही, फक्त कृपा करून मेल पाठवू नका. काकांनी लगेच, त्याने वेळात वेळ काढून उत्तर दिल्याबद्दल आभाराचा मेल पाठवला.

बरं, एवढं रडगाणं गायला दुकानाला झालं होतं काय? काहीही नाही. फळ्या भरलेल्या होत्या. काकूंना मशीनवरून उठायला उसंत नव्हती. दुकान चांगलं चालत होतं आणि दुकानदार गावभर हात पसरत होता, असा सगळा उफराटा प्रकार होता.

आणि मग धड बॅगा यायला लागल्या.

पहिला आला औषधं विकणारा एक माणूस. त्याने बॅग काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "काका, हिचं काहीतरी करा."

"काय झालंय?"

"झालं तसं काही नाही. बायकोने तुमचा मेल वाचला. म्हणाली, त्या बिचाऱ्यांना काहीतरी काम दे."

काकांनी चेन उघडून मिटून पाहिली. चाकं फिरवली. बॅग ठणठणीत होती. "हिला काही करायला नको," ते म्हणाले.

"मग तेलबिल घाला थोडं," तो माणूस म्हणाला आणि ओशाळं हसला. काकांनीही ते हसण्यावारी नेलं. पण 'बिचाऱ्यांना' हा शब्द त्यांच्या कानात दिवसभर वाजत राहिला. पुढे आणखी एक जण असाच आला. मग आणखी एक. काका प्रत्येकाची बॅग तपासायचे, परत करायचे आणि मुकाट्याने आपल्या स्टुलावर जाऊन बसायचे.

मग गणिताच्या बाई आल्या. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, आणि बोलण्यात एरवी अगदी चोख. त्या दिवशी मात्र त्यांनी बॅग अशी पुढे केली, जशी मुलं गृहपाठ न केलेली वही पुढे करतात.

"हँडल तुटलं," त्या म्हणाल्या.

काकांनी हँडल हातात घेतलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. हे हँडल त्यांनी स्वतःच बसवलेलं होतं. त्यांनी बसवलेलं हँडल बॅग फाटली तरी सुटत नाही, हा त्यांचा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. पट्टा झिजून तुटला की त्याचे धागे लांब-आखूड होतात, कडा पिंजल्यासारखी दिसते. हा पट्टा पट्टी ठेवून आखल्यासारखा सरळ होता. गणिताच्या बाई पडल्या, तिथेही रेघ वाकडी जाऊ दिली नव्हती.

"बाई, हे तुटलेलं नाही. कापलंय हे कुणीतरी."

बाईंचा चेहरा लाल झाला. खोटं बोलायची सवय नसली की माणूस फार लवकर सापडतो.

"कात्रीने होईना," त्या हळूच म्हणाल्या. "मग ब्लेड घेतलं."

"तुम्ही कापलंत? पण का?"

"मग काय करणार? दर आठवड्याला तुमचा मेल येतो. दुकान सुनं आहे, वाट बघतो आहोत. वाचून जीव कासावीस होतो हो. नुसते पैसे दिले असते तर तुम्ही घेतले नसते. म्हटलं, काम तरी द्यावं. पण ही मेली बॅग काही तुटत नाही. तुम्ही असली पक्की करून ठेवली आहे, मी तरी काय करू?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं काकांना झालं. मागचं मशीन थांबलं. काकू बाहेर आल्या, त्यांनी बाईंना खुर्चीवर बसवलं, चहा पाजला, आणि दुकान नीट चाललंय हे पटावं म्हणून सगळ्या फळ्या दाखवल्या. काकांनी हँडल बसवून दिलं. पैशाचं नावही काढू दिलं नाही. बाई गेल्या तेव्हा बऱ्याच हलक्या झाल्या होत्या. काका मात्र मान वर करत नव्हते.

"एका म्हाताऱ्या बाईला बॅगेवर ब्लेड चालवायला लावलंत," काकू म्हणाल्या. "कुठे फेडाल हे पाप?"

"मला काय माहीत त्या असं करतील?"

"तुम्हाला कमी काय आहे, ते सांगा मला. जेवायला मिळत नाही? काम नाही? मी नाही?"

काका हातातला दोरा बोटाला गुंडाळत बसले.

"आणि आता विषय निघालाच आहे तर ऐका," काकू म्हणाल्या. "माऊ नोकरी सोडतेय." माऊ म्हणजे लेक. "तुम्हाला इतक्यात सांगू नको म्हणाली होती. सोमवारी साहेबांशी बोलणार आहे."

"का? काय झालं तिला?"

"तिला काय व्हायचंय! तुमचे मेल तिलाही जातात ना? पहिलं नाव तिचंच आहे. तिथे त्या पुलावर बसून वाचते आणि रडते. दुकान बुडालं असं धरून चालली आहे ती. मी सांगून सांगून थकले. तिला वाटतं, मीच लपवतेय."

इथे काकांच्या मनात सगळ्यात आधी काय आलं ते सांगून टाकलं पाहिजे, नाहीतर गोष्ट खोटी होईल. काकांना आनंद झाला. लेक येतेय. तिच्यासाठी काउंटरशी एक स्टूल ठेवायचं, दुपारी तिघांनी एकत्र डबा उघडायचा, आणि तिने येता-जाता आपल्याला हिशेबाच्या चुका दाखवायच्या. क्षणभर त्यांना हे सगळं अगदी घडल्यासारखं दिसलं.

त्याच क्षणी त्यांना हेही कळून चुकलं की आपण इतके दिवस नेमकं काय करत होतो. विमा एजंट आला काय नि न आला काय, त्यांना काडीचा फरक पडत नव्हता. दार वाजलं की कोण आल्यासारखं वाटायचं, कुणाच्या आवाजाशिवाय दुकान सुनं होतं, हे लिहिताना यादीतल्या शेकडो नावांपैकी एकच नाव त्यांच्या डोळ्यांसमोर असायचं. आणि ते नाव सगळ्यात वर होतं. लेकीचा फोन आला की काका म्हणायचे, "जेवलीस का? बरं. आईला देतो." जे पोटच्या पोरीला म्हणवत नव्हतं ते काका जगाला लिहून कळवत होते. काकांना स्वतःची लाज वाटली. तरीही आनंद गेला नव्हता. तोही तिथेच होता, निर्लज्जासारखा.

"येतेय तर येऊ दे की," ते पुटपुटले. "तिचंच तर दुकान आहे."

काकूंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"तिला पुलाखाली लटकायचं होतं," त्या म्हणाल्या. "त्यासाठी डोळे फुटेपर्यंत अभ्यास केला पोरीने. बॅगांना चाकं लावायची नव्हती तिला. आता बोला. येऊ दे?"

काकांनी दोरा बोटावरून सोडवला. "नको," ते म्हणाले.

मग ते कॉम्प्युटरसमोर बसले. सरळ फोन उचलायचा तर धीर होईना, म्हणून पुन्हा मेलच. पहिली ओळ लिहिली, "आमच्यामुळे तुम्हाला जो मनस्ताप झाला त्याबद्दल आम्ही कोणत्या तोंडाने माफी मागावी..." काकू मागे येऊन उभ्या होत्या.

"झालं. आता माफीसाठी गळ्यात पडा."

काकांनी ते पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. गोड बोलायची, लाडीगोडी लावायची सवय बोटांना लागली होती. ती सुटेपर्यंत दुपार गेली. शेवटी जो मेल गेला तो असा होता:

"बॅग धड असेल तर येऊ नका. आमचं दुकान नीट चाललं आहे आणि हातात भरपूर काम आहे. आधीच्या मेलवरून तुमचा गैरसमज झाला असेल तर ती चूक आमची. आम्ही दुरुस्त केलेली बॅग वर्षानुवर्षं परत आली नाही, तर काम चांगलं झालं असं आम्ही समजतो. चाक जड फिरत असेल तर आधी त्यात गुंतलेले केस आणि दोरे काढून बघा. पुष्कळदा तेवढ्याने भागतं. नाही भागलं तर बॅग घेऊन या. यापुढे मेल महिन्यातून एकदाच येईल. तोही नको असेल तर खालचं बटण दाबा. आम्ही कारण विचारणार नाही."

काकूंनी तो दोनदा वाचला. "हं," त्या म्हणाल्या. "आता दुकानदाराने लिहिल्यासारखं वाटतंय."

मेल गेला आणि काही जणांनी बटण दाबलं. काकांचा हात सवयीने कीबोर्डकडे गेला, मग त्यांनी तो खिशात घातला. औषधवाल्याने कळवलं की बायकोच्या बॅगेच्या चाकातून केसांचा पुंजका निघाला आणि चाक भिंगरीसारखं फिरतंय. एकीने एक जुनी बॅग आणू का, असं विचारलं, खरोखर मोडलेली. धड बॅग घेऊन मात्र कुणी आलं नाही. गिऱ्हाइकांपुरतं प्रकरण मिटलं.

लेकीपुरतं मिटलं नाही. रविवारी दुकान बंद होतं, काका घरी होते, आणि तिचा फोन थेट काकांच्याच फोनवर आला.

"बाबा, खरं सांगा. हा मेल आईने बसवून लिहून घेतला ना?"

"मीच लिहिला."

"मग आधीचे कुणी लिहिले?"

"तेही मीच."

"मग त्यातलं खरं कुठलं? दुकान चाललंय की बुडतंय? मला उद्या साहेबांशी बोलायचंय, बाबा. तुम्ही मला बरं वाटावं म्हणून काहीतरी लिहिणार आणि मी इथे बसून राहणार, असं नाही चालायचं. दुकानाला माझी गरज असेल तर मी येणार."

आईला देतो, हे तोंडावर आलं होतं. काकू समोरच कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही आणि हातही पुढे केला नाही.

"दुकानाला तुझी काही गरज नाही," काका म्हणाले.

हे जरा फटकन आलं. मग लेकीचा आवाज आला, बारीक, "मग ते 'दार वाजलं की वाटतं', ते कुणाला होतं?"

"तुला."

ती कुठेतरी उघड्यावर उभी असावी, फोनमध्ये वारा घोंघावत होता.

"दार वाजलं की मला वाटतं तू आलीस," काका म्हणाले. एकदा सुरुवात झाल्यावर ते थांबले नाहीत. "रोज वाटतं. शाळेतून यायचीस ना, दप्तर काउंटरवर आपटायचीस, तसं. मला करमत नाही गं तुझ्याशिवाय. दुकानाचं बरं चाललंय, माझं चाललेलं नाही. पण म्हणून तू नोकरी सोडायची नाहीस. तू आलीस तर मी खूश होईन, आणि चार दिवसांनी तू खिडकीतून बाहेर बघत बसशील, ते मला बघवणार नाही. मला करमत नाही, त्यावर तू काही उपाय करायचा नाही. तुला माहीत असावं, एवढंच."

ती म्हणाली, "बाबा, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"गावभर सांगत सुटलो," काका म्हणाले. "तुलाच सांगायचं राहिलं."

ती हसली. हसता हसता तिने नाक ओढलं, आणि काकांना इकडे डोळे पुसावे लागले. काकूंची एकच घडी केव्हापासून चालली होती.

"उद्या साहेबांशी नाही बोलत मग," लेक म्हणाली.

"नको बोलूस."

"पण शनिवारी येते. सुट्टी आहे. रविवारी संध्याकाळी परत निघेन."

म्हणजे जेमतेम दीड दिवस. एवढ्या लांबून यायचं ते दीड दिवसासाठी? सोमवारची रजा मिळणार नाही का, साहेबांना नुसतं विचारून तर बघ, नाहीतर शुक्रवारीच नीघ ना जरा लवकर. सगळं अगदी जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं. काकांनी ते गिळलं.

"ये," ते म्हणाले.